शेपरवर जॉब कसा बांधायचा? लोखंडाच्या रंध्याचं 'सेटिंग' समजून घ्या

शेपर मशीनवर एखादा लोखंडी ठोकळा चौरस करायचा असेल, तर प्रत्यक्ष कापायला दहा मिनिटं आणि तो नीट बांधायला वीस मिनिटं, असा हिशेब सहज होतो. नवख्या माणसाला ही वीस मिनिटं वाया गेल्यासारखी वाटतात. मग तो घाई करतो, व्हाइस एकदा आवळतो आणि मशीन सुरू करतो. पहिल्या दोन-चार स्ट्रोकमध्ये काही होत नाही. पाचव्या स्ट्रोकला जॉब अर्धा मिलिमीटर सरकतो, टूल त्यात रुतून बसतं आणि पुढे काय होईल हे कोणाच्याच हातात राहत नाही.

आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये अशा वेळी शेजारी इन्स्ट्रक्टर उभे असतात. घरच्या छोट्या वर्कशॉपमध्ये ते नसतात. रत्नागिरीसारख्या शहरात, जिथे बोटींची इंजिनं, विहिरींचे पंप आणि आंबा बागांतले फवारणी पंप यांची दुरुस्ती सतत चालू असते, तिथे एखाद्या हौशी माणसाने जुना शेपर घेऊन घराच्या पडवीत बसवला, तर मशीनसमोर तो एकटाच असतो. म्हणून जॉब कसा पकडायचा, कुठे टेकू द्यायचा आणि मशीन सुरू करण्याआधी काय पाहायचं, हे सगळं या लेखात टप्प्याटप्प्याने समजून घेऊया.

शेपर म्हणजे नेमकं काय?

सुताराचा रंधा लाकडावर पुढे ढकलला की भुसा निघतो आणि पृष्ठभाग सपाट होतो. शेपर हा लोखंडाचा रंधा आहे, असं समजायला हरकत नाही. यात 'रॅम' नावाचा जड बिडाचा भाग पुढे-मागे सरकतो. रॅमच्या तोंडाशी एकाच धारेचं टूल बसवलेलं असतं. रॅम पुढे येताना टूल कापतं, मागे जाताना नुसतं घासत परत जातं. प्रत्येक फेरीनंतर टेबल थोडं आडवं सरकतं. त्याला 'फीड' म्हणतात.

कापणारा स्ट्रोक सावकाश आणि परतीचा जलद, अशी या मशीनची रचना असते. दोन्हींच्या वेळेचं प्रमाण साधारण ३ : २ असतं. डिप्लोमाच्या विद्यार्थ्यांना परीक्षेत हमखास विचारलं जाणारं 'क्विक रिटर्न मेकॅनिझम' ते हेच. मशीनचा आकार सांगताना त्याचा सर्वात लांब स्ट्रोक सांगतात. १२ इंची शेपर म्हणजे जास्तीत जास्त १२ इंच स्ट्रोक देणारा.

ब्रिटिश अभियंते जेम्स नॅस्मिथ यांनी १८३६ मध्ये हे मशीन तयार केलं. पुढे शंभर-सव्वाशे वर्षं जगभरच्या वर्कशॉपमध्ये ते असायचंच. भारतात पंजाबातलं बटाला हे शहर लेथ आणि शेपर बनवण्यासाठी ओळखलं जातं. नंतर मिलिंग मशीन आणि सीएनसी आली. बहुतेक कामं त्यांच्यावर जास्त वेगाने होऊ लागली आणि शेपर कोपऱ्यात गेला.

हौशी लोकांना मात्र तो अजून आवडतो. मिलिंगचा एक चांगला कटर घ्यायला जेवढे पैसे लागतात, त्यापेक्षा कितीतरी कमी पैशांत एचएसएसचा चौकोनी टूल बिट मिळतो. तो ग्राइंडरवर हवा तसा घासता येतो आणि बोथट झाला की पुन्हा धार लावता येते. अमेरिकेत डेव्हिड गिंजरी यांनी तर ॲल्युमिनियमच्या भंगारातून घरीच शेपर ओतून कसा बनवायचा, यावर अख्खं पुस्तक लिहिलं.

जॉबवर किती जोर येतो?

बांधणीला एवढं महत्त्व का, हे आकड्यांतून लवकर कळतं. साधं लोखंड, म्हणजे माइल्ड स्टील, कापताना प्रत्येक चौरस मिलिमीटर कापासाठी ढोबळमानाने २००० ते २५०० न्यूटन जोर लागतो.

समजा, १ मिमी खोल काप आणि ०.२५ मिमी फीड आहे. कापाचं क्षेत्रफळ झालं ०.२५ चौरस मिमी आणि जोर आला साधारण ५०० ते ६०० न्यूटन. म्हणजे ५०-६० किलो वजनाचा माणूस जॉबला आडवा ढकलतोय, असं समजा. काप २ मिमी आणि फीड ०.५ मिमी केलं, तर हाच आकडा २०० किलोच्या पुढे जातो.

लेथवर एकदा काप सुरू झाला की जोर बऱ्यापैकी एकसारखा राहतो. शेपरवर तसं नाही. इथे प्रत्येक स्ट्रोकला टूल जॉबवर नव्याने आदळतं. मिनिटाला ५० स्ट्रोक असतील, तर पाच मिनिटांत २५० धक्के बसतात. सैल बांधलेला जॉब एका धक्क्याने निघत नाही, तो थोडा थोडा सरकत जातो. म्हणूनच धोका उशिरा लक्षात येतो.

जॉब सरकला तर नुकसान तीन प्रकारचं होतं. जॉब वाया जातो. टूल किंवा टूल पोस्ट तुटतो. क्वचित आतल्या मोठ्या गिअरचा दात जातो, आणि जुन्या मशीनला तसा गिअर पुन्हा मिळवणं फार कठीण असतं. चौथं नुकसान माणसाचं. रॅम अडला म्हणून थांबत नाही, तो जॉब उचलून समोर फेकू शकतो. आणि समोर बहुतेक वेळा चालवणाराच उभा असतो.

व्हाइस कोणत्या दिशेने लावायचा?

शेपरचा व्हाइस टेबलावर गोल फिरवून बसवता येतो. त्याचा एक जबडा स्थिर असतो आणि दुसरा स्क्रूने सरकतो. स्थिर जबडा व्हाइसच्या अंगाचाच भाग असल्याने तो हलत नाही. सरकत्या जबड्यात मात्र थोडी ढिलाई असतेच. त्यामुळे पहिला नियम: कापण्याचा जोर शक्यतो स्थिर जबड्यावर पडला पाहिजे.

टूल पुढे येताना कापतं, म्हणजे जॉब मशीनपासून दूर, चालवणाऱ्याच्या दिशेने ढकलला जातो. व्हाइसचे जबडे स्ट्रोकला आडवे ठेवले, तर स्थिर जबडा बाहेरच्या बाजूला हवा. काही मशीनवर तसं केल्यावर व्हाइसचा दांडा मशीनच्या अंगाकडे जातो आणि फिरवायला अडचण होते. तेव्हा जॉबच्या पुढे टेबलावर एक भक्कम टेकू बोल्टने आवळा आणि जोर त्याच्यावर घ्या.

जॉब लांब असेल तर जबडे स्ट्रोकला समांतर ठेवतात. याचा फायदा वेळेत दिसतो. १०० × ५० मिमीचा ठोकळा घ्या आणि फीड ०.२५ मिमी धरा. स्ट्रोक १०० मिमीच्या दिशेने दिला, तर ५० मिमी रुंदी पार करायला २०० स्ट्रोक लागतील. उलट दिशेने दिला, तर ४००. मिनिटाला ५० स्ट्रोकच्या हिशेबाने ४ मिनिटं आणि ८ मिनिटं. छोट्या स्ट्रोकला मशीनचा वेग वाढवता येतो, त्यामुळे हा फरक काही प्रमाणात भरून निघतो, पण पूर्ण निघत नाही.

मात्र जबडे समांतर असले की जॉबला फक्त घर्षण धरून ठेवतं. २००० न्यूटनचा जोर दोन जबड्यांच्या घर्षणावर पेलायचा, तर व्हाइसने सुमारे ६५०-७०० किलोच्या जोराने आवळलेलं असलं पाहिजे. जबड्यांवर तेल असेल तर त्याहून बरंच जास्त. म्हणून अशा सेटिंगमध्येही जॉबच्या पुढच्या टोकाला टेकू द्या. आणि जॉब बांधण्याआधी जबडे कोरड्या फडक्याने पुसून घ्या. एवढ्या साध्या गोष्टीने पकड खूप सुधारते.

व्हाइस सरळ आहे हे कसं कळणार?

व्हाइसच्या बुडाला अंशांच्या खुणा असतात. त्यांच्यावर कच्चं काम करता येतं, पक्कं नाही. पक्क्या कामासाठी डायल गेज लागतो.

डायल गेजचा स्टँड रॅमच्या तोंडावर बसवा. गेजची सुई स्थिर जबड्याच्या आतल्या बाजूला टेकवा. मोटर बंद ठेवून रॅम हाताने पुढे-मागे करा. १०० मिमी लांबीत काटा ०.०२ मिमीपेक्षा जास्त हलत नसेल, तर घरच्या कामासाठी ते उत्तम. जास्त हलत असेल, तर व्हाइसचे बोल्ट थोडे सैल करा, प्लास्टिकच्या हातोडीने हलकेच ठोका, आवळा आणि पुन्हा पाहा. जबडे आडवे असतील तर रॅमऐवजी टेबल सरकवून हीच तपासणी करा. प्रत्येक वेळी स्थिर जबडाच तपासायचा. सरकता जबडा तपासण्यात अर्थ नाही.

स्थिर जबडा उभ्या दिशेने काटकोनात आहे का, हेही पाहा. व्हाइसच्या तळावर गुण्या उभा करा, त्याची पाती जबड्याला लावा आणि मागून मोबाइलचा टॉर्च धरा. वर किंवा खाली प्रकाशाची रेघ दिसली, तर तिथे फट आहे. जुन्या व्हाइसमध्ये अनेकदा तळात अडकलेला कीस किंवा जबड्याच्या पट्टीमागची घाण हे त्याचं कारण असतं. पट्टी खोलून साफ केली की निम्मे प्रश्न सुटतात.

ठोकळा काटकोनात आणायचा क्रम

करवतीने कापलेला ओबडधोबड ठोकळा सहाही बाजूंनी काटकोनात आणणं हे शेपरचं मूलभूत काम. यात क्रम चुकला की कितीही बारीक काप घेतला तरी ठोकळा चौरस होत नाही. बाजूंना अ, ब, क, ड अशी नावं देऊ.

पहिली बाजू (अ): ठोकळ्याची त्यातल्या त्यात चांगली बाजू खाली ठेवा. खाली सारख्या उंचीच्या दोन समांतर पट्ट्या द्या. वर्कशॉपमध्ये त्यांना 'पॅरलल' म्हणतात. वरची बाजू सपाट होईपर्यंत कापा. ही 'अ' आता आपली आधाराची बाजू.

दुसरी बाजू (ब): 'अ' स्थिर जबड्याला लावा. समोरची बाजू अजून ओबडधोबड आहे. सरकता जबडा तिला थेट दाबेल तर ठोकळा तिरका होऊन 'अ' बाजू जबड्यापासून सुटेल. हे टाळण्यासाठी सरकता जबडा आणि ठोकळा यांच्यामध्ये ८-१० मिमी जाडीचा गोल रॉड आडवा धरा. रॉड पकडीच्या उंचीच्या साधारण मध्यावर असावा. आता जबड्याचा जोर एकाच रेषेवर येतो आणि 'अ' बाजू स्थिर जबड्याला चिकटून बसते. वरची बाजू कापा. ती 'अ'ला काटकोनात येईल.

तिसरी बाजू (क): 'अ' पुन्हा स्थिर जबड्यालाच लावा, 'ब' खाली पॅरललवर ठेवा आणि रॉड तसाच वापरा. आवळल्यावर ठोकळ्यावर शिशाच्या, तांब्याच्या किंवा प्लास्टिकच्या हातोडीने ठोका. वरची बाजू कापली की 'क' ही 'ब'ला समांतर आणि 'अ'ला काटकोनात येते.

चौथी बाजू (ड): 'अ' खाली पॅरललवर. 'ब' आणि 'क' जबड्यांमध्ये. दोन्ही आता समांतर असल्याने रॉड लागत नाही. ठोकून बसवा आणि 'ड' कापा.

उरलेली दोन टोकं: ठोकळा उभा धरून गुण्याने सरळ करता येतो. तो उंच असेल तर उभा धरणं धोक्याचं. तेव्हा ठोकळा आडवाच बांधा, टोक व्हाइसच्या बाहेर थोडं काढा आणि टूल वरून खाली हाताने फीड देत टोक कापा.

प्रत्येक बाजूनंतर कानशीने कडेची बर काढायला विसरू नका. काठावर उरलेली बारीकशी बर पुढच्या सेटिंगमध्ये ठोकळा तिरका करायला पुरेशी असते.

ठोकळा खाली नीट बसलाय का, हे पाहण्याची जुनी युक्ती कागदाची आहे. आवळण्याआधी प्रत्येक पॅरलल आणि जॉब यांच्यामध्ये पतंगाच्या कागदाच्या दोन-दोन बारीक पट्ट्या ठेवा. आवळून, ठोकून झालं की पट्ट्या ओढून पाहा. चारही अडकलेल्या असतील तर जॉब बसलाय. एखादी सहज निघाली तर त्या कोपऱ्यात फट आहे. ठोकून झाल्यावर व्हाइस पुन्हा जोरात आवळण्याचा मोह टाळा, कारण त्याने जॉब परत उचलला जातो.

पातळ पट्टी उचलली जाते, तेव्हा?

५-६ मिमी जाडीची पट्टी व्हाइसमध्ये आवळली की ती मधोमध कमानीसारखी वर येते. त्या अवस्थेत कापली तर कापताना सपाट दिसते आणि सोडल्यावर वाकडी होते.

यावर उपाय म्हणजे पाचरीच्या आकाराच्या दोन पट्ट्या. त्यांची एक कड पातळ असते आणि दुसरी जाड. जाड कडेला एक-दोन अंशांचा उतार दिलेला असतो. पातळ कड जॉबला आणि जाड कड जबड्याला लावतात. जबडा आवळला की उतारामुळे पट्टी जॉबला आत ढकलते आणि सोबत खालीही दाबते. अशा पाचरी शेपरवरच बनवता येतात आणि एकदा बनवल्या की वर्षानुवर्षं पुरतात.

पातळ जॉबवर एकाच बाजूने सगळं मटेरियल काढू नका. लोखंडात आधीपासून ताण साठलेला असतो. एक बाजू कापली की तो मोकळा होतो आणि पट्टी वाकते. थोडं एका बाजूने, थोडं दुसऱ्या बाजूने, असं उलटत-पालटत कापलं की वाक कमी राहतो. शेवटचा काप ०.१ मिमीच्या आसपास ठेवा.

व्हाइसमध्ये न मावणारा जॉब

मोठा जॉब थेट टेबलावर बांधावा लागतो. टेबलाला उलट्या 'टी' आकाराच्या खाचा असतात. त्यात टी-बोल्ट घालून वरून क्लॅम्पची पट्टी आवळतात. पट्टीचं एक टोक जॉबवर, दुसरं टेकूच्या ठोकळ्यावर आणि मध्ये बोल्ट.

इथे एक चूक जवळपास सगळे करतात. बोल्ट टेकूजवळ ठेवतात. समजा, बोल्टपासून जॉब २० मिमीवर आणि टेकू ४० मिमीवर आहे. बोल्टच्या ताणातला दोन तृतीयांश जोर जॉबवर येईल. हेच उलट केलं, म्हणजे बोल्ट जॉबपासून ४० आणि टेकूपासून २० मिमीवर ठेवला, तर जॉबवर फक्त एक तृतीयांश जोर येईल. बाकीच्या जोराने तुम्ही टेकूच आवळत बसता. म्हणून बोल्ट नेहमी जॉबच्या जवळ.

टेकूची उंची जॉबच्या उंचीइतकी किंवा किंचित जास्त हवी. कमी असेल तर पट्टी मागे झुकते आणि जॉबच्या फक्त कडेला टोचते. क्लॅम्पच्या बरोबर खाली जॉबला आधार आहे ना, हेही पाहा. खाली पोकळी असेल तर जॉब वाकतो, आणि बिडाचा असेल तर तडकतो.

क्लॅम्प जॉबला खाली दाबतात. पुढे सरकण्यापासून अडवायचं काम टेकूचं. म्हणून चार क्लॅम्प लावले तरी जॉबच्या पुढच्या बाजूला एक टेकू टेबलाला बोल्टने आवळलेला असलाच पाहिजे.

की-वे: शाफ्ट आणि पुलीचं काम

घरच्या शेपरवर सगळ्यात उपयोगी पडणारं काम म्हणजे की-वे. शाफ्ट आणि पुली एकत्र फिरावी म्हणून दोन्हींत खाच पाडून त्यात चौकोनी 'की' बसवतात. पंपाची पुली बदलायची असेल तर हे काम लागतंच.

२५ मिमीच्या शाफ्टला प्रमाणित की ८ मिमी रुंद आणि ७ मिमी उंच असते. शाफ्टमध्ये खाच ४ मिमी खोल आणि पुलीत ३.३ मिमी.

शाफ्ट गोल असल्याने तो व्ही-ब्लॉकमध्ये ठेवून वरून क्लॅम्प करतात. खाच जिथे संपणार तिथे आधी ड्रिलने खाचेएवढ्या रुंदीचं आणि खोलीचं भोक पाडा. नाहीतर टूलला थांबायला जागा मिळत नाही आणि कीस तिथेच दाबला जाऊन धार तुटते. टूल शाफ्टच्या बरोबर माथ्यावर आणा, हलकं टेकवा, तिथे शून्य धरा आणि ४ मिमी खाली जा.

पुलीच्या आतली खाच कापायला टूल एका लांब बारवर बसवून भोकातून आत नेतात. पुलीची बाजू अँगल प्लेटला क्लॅम्प करा. भोकाची रेषा स्ट्रोकला समांतर आहे का, हे भोकात सरळ रॉड घालून डायल गेजने तपासा. पुलीच्या पुढे टूल बाहेर यायला जागा ठेवा.

इथे खोली मोजताना एक फसवी गोष्ट आहे. भोक गोल आणि टूल सपाट असल्याने टूलचे दोन कोपरे आधी टेकतात. २५ मिमी भोकात ८ मिमी रुंद टूल टेकतं, तेव्हा ते भोकाच्या तळापासून ०.६६ मिमी वर असतं. तिथून ३.३ मिमी खाली गेलात, तर खाच तेवढीच कमी पडेल आणि की बसणार नाही. म्हणून डायलवर विसंबू नका. कॅलिपरने खाचेच्या तळापासून समोरच्या भिंतीपर्यंत मोजा. ते २५ + ३.३, म्हणजे २८.३ मिमी भरलं पाहिजे.

टूलचंही 'सेटिंग' असतं

टूल ज्या भागावर बसतं त्याला 'क्लॅपर बॉक्स' म्हणतात. त्यातली पट्टी बिजागरीसारखी असते. पुढे येताना ती घट्ट बसते आणि मागे जाताना वर उचलली जाते, त्यामुळे धार घासून खराब होत नाही.

उभी बाजू कापताना क्लॅपर बॉक्सचं वरचं टोक कापायच्या बाजूपासून दूर झुकवावं लागतं. तसं केलं की परतीच्या स्ट्रोकला टूल त्या बाजूपासून लांब उचललं जातं. उलट झुकवलं तर टूल बाजूत रुततं. पुलीच्या भोकात काम करताना मात्र ही पट्टी बांधून टाकावी लागते, नाहीतर बार वर उचलून भोकाला आपटतो. टूल मागे जाताना घासणारच असल्याने काप ०.०५ ते ०.१ मिमीच ठेवा.

टूल होल्डरबाहेर शक्य तेवढं कमी काढा. टूलची स्लाइडही फार खाली लोंबकळत ठेवू नका. आधारापासून टूल जितकं लांब, तितकं ते थरथरतं आणि पृष्ठभागावर लाटा उमटतात.

स्ट्रोकची लांबी जॉबपेक्षा साधारण २० मिमी जास्त ठेवा: मागे १२-१५ मिमी आणि पुढे ५-८ मिमी. मागे जास्त, कारण उचललेलं टूल जॉबपर्यंत पोचण्याआधी खाली बसायला हवं.

बटण दाबण्याआधी

पुढची यादी कागदावर लिहून मशीनजवळ चिकटवावी अशी आहे.

• व्हाइसचा दांडा आणि स्ट्रोक बदलायचा हँडल काढून बाजूला ठेवलाय का?

• मोटर बंद ठेवून, पुली हाताने फिरवून रॅमची एक पूर्ण फेरी झाली का? टूल कुठे क्लॅम्पला किंवा जबड्याला लागतंय का?

• टूलची स्लाइड तिरकी केली असेल, तर परतीच्या स्ट्रोकला ती मशीनच्या अंगावर आपटणार नाही ना?

• स्ट्रोकची लांबी आणि जागा ठरवल्यावर दोन्हीचे नट आवळलेत का?

• रॅम मागे किती बाहेर येतो? मागे भिंत, खिडकी किंवा जायची वाट आहे का? रॅम आणि भिंत यांच्यात माणूस सापडण्याचा धोका खरा असतो.

• डोळ्यांवर चष्मा आहे ना? हातमोजे, कडं, सैल बाही, ओढणी काहीही नको.

• तुम्ही उभे कुठे आहात? कीस गरम असतो आणि समोर उडतो. उभं राहायचं ते मशीनच्या बाजूला. समोर पत्र्याचा आडोसा लावा.

चालू मशीनवर बोटाने कीस झटकणं किंवा गुण्या लावून पाहणं, या दोन सवयींमुळे बोटं जातात. परतीचा स्ट्रोक जलद असतो, हे सुरुवातीला सांगितलं, ते इथे लक्षात ठेवायचं. रॅम मागे गेलाय म्हणून वेळ आहे असं वाटतं, पण तो तितका नसतो. कीस काढायला ब्रश आणि मोजायला बंद मशीन.

खारी हवा, पाऊस आणि पॅरलल

रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो आणि हवेत समुद्राचं मीठ असतं. उघडं लोखंड इथे एका रात्रीत लालसर होऊ शकतं. मशीनच्या अंगाला गंज चढला तर ते वाईट दिसतं. पॅरलल, व्ही-ब्लॉक किंवा व्हाइसच्या तळाला चढला तर मापच बिघडतं. पॅरललच्या एका टोकाला ०.०५ मिमीचा गंजाचा फोड असेल, तर वर केलेली सगळी काळजी फुकट जाते.

म्हणून पॅरलल तेलाच्या फडक्यात गुंडाळून बंद डब्यात ठेवा. काम संपलं की कीस झाडा, टेबल, व्हाइस आणि रॅमच्या सरकत्या पट्ट्या पुसा आणि तेलाचा पातळ हात फिरवा. पावसाळ्यात काम नसलं तरी आठवड्यातून एकदा हे करावं. कापण्याआधी मात्र जबडे आणि जॉब पुन्हा कोरडे करायचे, कारण जे तेल गंजापासून वाचवतं तेच पकड सैल करतं.

जुनं मशीन घेताना रंग किंवा मोटर पाहण्यात वेळ घालवू नका. व्हाइसचा स्थिर जबडा, टेबलाच्या टी-खाचांच्या कडा आणि टेबलाखालचा आधार पाहा. खाचांच्या कडा तुटलेल्या असतील तर क्लॅम्प धरणार नाही. टेबल पुढे झुकलेलं असेल तर एकही ठोकळा समांतर निघणार नाही. मोटर बदलता येते, या गोष्टी सहज बदलता येत नाहीत. घरी साधं २३० व्होल्टचं सिंगल फेज कनेक्शन असेल आणि मशीनला थ्री फेज मोटर असेल, तर सिंगल फेज मोटर बसवणं हा सोपा मार्ग. मशीनच्या अंगाला अर्थिंग मात्र हवंच, विशेषतः पावसाळ्यात ओल धरणाऱ्या जमिनीवर.

पहिलं काम म्हणून थेट पुली हातात घेऊ नका. ५० मिमीच्या आसपासचा भंगारातला एक लोखंडी तुकडा घ्या आणि वर दिलेल्या क्रमाने अ, ब, क, ड करत चौरस करा. गुण्या लावून पाहा, कॅलिपरने चारही कोपऱ्यांवर मोजा. माप कुठे चुकलं ते पाहिलं, की कोणत्या सेटिंगमध्ये गडबड झाली ते तो ठोकळाच सांगतो. तो जमला की पुढे शाफ्टच्या, क्लॅम्पच्या टेकूच्या आणि पाचरींच्या कामाला तुमच्याकडे स्वतः बनवलेला एक भरवशाचा काटकोन तयार असेल.